वीज मोजता, मग सिमेंटही मोजा

हरित इमारतींचा वाद रंगला की परदेशातल्या मराठी माणसाला हमखास साक्षीला बोलावतात. एक बाजू म्हणते, डेन्मार्कसारखी घरं बांधायला हवीत. दुसरी म्हणते, आपले वाडे हरितच होते, त्यांनी आम्हाला काय शिकवावं?

मी डेन्मार्कमध्ये राहतो; इथली घरं जशीच्या तशी उचलून भारतात चालणार नाहीत. जाड उष्णतारोधक थर, तीन काचांच्या खिडक्या, कुठे फट म्हणून नाही. सगळा खटाटोप ऊब आत कोंडून ठेवण्यासाठी. भारताच्या बहुतेक भागात भिंतीवर ऊन पडू न देणं आणि वारा खेळता ठेवणं महत्त्वाचं. त्यासाठी वाड्यांपर्यंत मागे जायचीही गरज नाही. केंद्र सरकारची घरांसाठीची २०१८ ची 'इको-निवास संहिता' भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला चौरस मीटरमागे १५ वॅटची मर्यादा घालते आणि उघडणाऱ्या खिडक्या किती हव्यात तेही सांगते. ती नीट पाळली तरी पुष्कळ झालं.

डेन्मार्ककडून घ्यायचा तो हिशेब. २०२३ पासून इथे नव्या इमारतीचा ५० वर्षांचा कार्बन मोजावा लागतो, आणि त्यात नुसती वीज नाही, तर सिमेंट, पोलाद, विटा तयार होतानाचं उत्सर्जनही येतं. १००० चौरस मीटरहून मोठ्या इमारतींना चौरस मीटरमागे वर्षाला १२ किलोची मर्यादा होती. जुलै २०२५ पासून ती सरासरी ७.१ वर आली, आणि लहान घरंही तिच्या कक्षेत आली. असा आकडा डोक्यावर असला की भरपूर काँक्रीट खाणारं तळघर खरंच हवं का, हा प्रश्न नकाशा काढतानाच विचारावा लागतो.

आपल्याकडची चर्चा मात्र अजून एसीच्या बिलाभोवतीच फिरते. सिमेंटच्या भट्टीत चुनखडी तापते, तेव्हा निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड त्या दगडातूनच सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. क्लिंकरचा, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या सिमेंटच्या मूळ घटकाचा, मोठा वाटा कमी करून त्याजागी भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी वापरणाऱ्या एलसी३ सिमेंटसाठी भारतीय मानक २०२३ मध्येच आलं आहे. पण बिल्डरला कार्बनचा हिशेबच द्यायचा नसेल, तर तो ते मागेल कशाला?

पुनर्विकासात हे सगळ्यात जास्त खटकतं. चाळीसएक वर्षांची आरसीसी इमारत पाडायची आणि जागी उभ्या राहिलेल्या टॉवरला हरित मानांकन लावायचं! काही इमारती खरोखर धोकादायक असतात, कुटुंबांना जागाही हवी असते. पाडूच नका असं मी म्हणत नाही. पण निर्णय वाढीव एफएसआय (त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी) घेतो, स्ट्रक्चरल ऑडिट नव्हे. फ्रान्समध्ये बोर्दो इथे लाकातों आणि वासाल या वास्तुरचनाकारांनी ५३० सदनिका न पाडता, रहिवाशांना न हलवता, बाहेरून नवे सज्जे जोडून वाढवल्या. वास्तुकलेतलं मानाचं प्रित्झकर पारितोषिक २०२१ मध्ये त्यांना मिळालं.

'घेते त्याहून जास्त ऊर्जा परत देते' अशा इमारतींचा आता बोलबाला आहे. नॉर्वेत ट्रोन्डहाइमला २०१९ मध्ये उभी राहिलेली पॉवरहाउस ब्राटोर्काया तसा दावा करते, आणि त्यात बांधकाम साहित्याला लागलेली ऊर्जाही धरते. साहित्य न मोजता असा दावा करणारी इमारत मी जाहिरात समजतो.

डॅनिश नियमातही एक खोट आहे. हिशेब चौरस मीटरमागे, त्यामुळे दोघांसाठी बांधलेला ऐसपैस बंगलाही आरामात पास होतो. हा नियम आपल्याकडे आलाच, तर भागाकार चौरस मीटरने नको, राहणाऱ्या माणसांनी करावा.