हप्ता सातबाऱ्याला मिळतो, कसणाऱ्याला नाही

लातूर जिल्ह्यातील आमच्या गावी आईच्या नावावर तीन एकर कोरडवाहू जमीन आहे. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० रुपये तिच्या खात्यात जमा होतात. ई-केवायसी, आधार जोडणी, शेतकरी ओळख क्रमांक हे सारे सोपस्कार आम्ही वेळच्या वेळी केले आहेत आणि नियमाने ती पात्रच आहे. मात्र त्या जमिनीत गेली सात वर्षे सोयाबीन पेरतो तो आमचा बटाईदार, निम्म्याने. त्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नसल्याने त्याला यातला एक रुपयाही मिळत नाही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने पीएम-किसान योजना सुरू केली, तेव्हा ती दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांपुरती होती. काही महिन्यांतच ती मर्यादा उठवून सर्व जमीनधारक कुटुंबांना तिच्यात घेण्यात आले. प्राप्तिकर भरणारे, बहुतेक सरकारी नोकर, डॉक्टर, वकील अशांना वगळण्यासाठी बारकाईने निकष ठरवले गेले. म्हणजे शेतकरी कोण नाही, यावर पुष्कळ विचार झाला. पण शेतकरी कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधायला सातबाऱ्याच्या पलीकडे कोणी गेले नाही. डीएपी खताची गोणी १,३५० रुपयांची. वर्षाचे ६,००० तीन हप्त्यांत मिळतात; २,००० च्या एका हप्त्यात धड दीड गोणीही येत नाही. तरीही पेरणीच्या तोंडावर ती एक गोणी कोणाच्या दारात पडते, याला महत्त्व आहे. अतिवृष्टीचे अनुदानही बहुधा याच वाटेने जाते, आणि तिथे रक्कम मोठी असते.

बटाईदारांची नोंद करणे अशक्य आहे, असे म्हणणे मला पटत नाही. शेतकऱ्यांना रोख मदत देणाऱ्या ओडिशाच्या कालिया योजनेत भूमिहीन कुटुंबांचाही समावेश होता. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक लागवडदारांच्या हक्कांचा कायदा करून अकरा महिन्यांच्या कराराची सोय केली. त्यात मालकाच्या मालकी हक्काला धक्का लागत नाही आणि कसणाऱ्याला मात्र पीककर्जासाठी, विम्यासाठी दाखवता येईल असे कार्ड मिळते. त्या करारावर मालकाची सही लागते आणि पुष्कळ मालक ती देत नाहीत, हा त्यातला दोष खराच. उलट तेलंगणाच्या रयतु बंधूमध्ये एकरी रक्कम दिली गेली, कमाल मर्यादा ठेवली नाही आणि कुळांना वगळले. जितकी जमीन मोठी तितकी मदत मोठी, असा तो उफराटा प्रकार होता.

आपल्याकडे खरी अडचण आहे ती मालकांच्या मनातल्या भीतीची, आणि मालक म्हणजे आम्हीच. मराठवाड्यात १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने कित्येकांच्या जमिनी कुळांकडे गेल्या, ती आठवण घराघरांत अजून ताजी आहे. त्यामुळे बटाई ठरते ती पाडव्याला, ओट्यावर बसून, तोंडी. कागद नाही म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून सरकारच्या लेखी तो माणूस शेतात नाहीच.

गेल्या पाडव्याला मी थोरल्या भावाजवळ लेखी कराराचा विषय काढला. ‘उद्या कूळ लागलं तर पुण्याहून तारखांना तू येणार आहेस का?’ एवढेच त्याने विचारले. मी गप्प बसलो, आणि यंदाचीही बटाई तोंडीच ठरली.