झाडाला नोटीस लागते, मग प्लॉटला का नाही?

पुण्यात एखादं झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे पेपरात जाहिरात द्यावी लागतेच, शिवाय त्या झाडावरही नोटीस चिकटवावी लागते. आणि आपल्याकडे लोक ती वाचतात हो! मॉर्निंग वॉकवाले आजोबा फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात, संध्याकाळपर्यंत हरकतीचा मसुदा फिरायला लागतो. पण ज्या जागेत ते झाड उभं आहे त्या अख्ख्या जागेवरचं बागेचं आरक्षण, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात ती जागा बागेसाठी राखून ठेवलेली असते ते, उठवायचा प्रस्ताव आला तर तिथं साधा बोर्ड लावलाच पाहिजे असं एमआरटीपी कायद्याचं (महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याचं) कलम ३७ म्हणत नाही. ते महापालिकेला एवढंच सांगतं, की राजपत्रात छापा आणि बाकी तुम्ही ठरवाल त्या पद्धतीनं प्रसिद्ध करा, बस. राजपत्र कोण वाचतं सांगा मला.

बरं, पेपरातली नोटीस सापडली तरी ती कळायला पाहिजे ना. सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक, क्षेत्र इतके चौ.मी., 'विकास योजनेतील आरक्षणात फेरबदल'. आपण पत्ता सांगतो तो मारुतीच्या देवळामागं, डेअरीच्या समोरची गल्ली असा. पलीकडच्या मोकळ्या प्लॉटचा सर्व्हे नंबर किती जणांना पाठ असतो? आणि हरकत द्यायला मुदत एक महिना, त्यात कुणी गावाला, कुणाच्या पोरांची परीक्षा.

त्याच कलमात बाधित लोकांना वेगळी नोटीस द्या असंही लिहिलंय, पण बाधित म्हणजे नक्की कोण? जमीनमालक तर आहेच. पण बाग होणार म्हणून त्या बाजूला बाल्कनी बघून फ्लॅट घेतलेला माणूस माझ्या मते तेवढाच बाधित आहे, त्याला मात्र पोकलेन आल्यावरच कळतं.

कलम ३७ चं अजून एक आहे, बदल असा पाहिजे की आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणार नाही. म्हणूनच त्याला 'किरकोळ फेरबदल' म्हणतात. एकेक प्लॉट घेतला तर प्रत्येक बदल किरकोळच दिसणार, पण एकाच भागात असे पाच-सहा झाले की तिथल्या मुलांना खेळायला जागा उरली का हे बघायचं कुणी? शिवाय मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं पुण्यात निवडून आलेले नगरसेवकच नव्हते, मुख्य सभेचे, म्हणजे नगरसेवकांच्या सभेचे, अधिकार सरकारनं नेमलेल्या प्रशासकाकडे, म्हणजे ज्याच्या दारात जाऊन भांडायचं तो माणूसच नव्हता.

लोकांना इंटरेस्ट नसतो म्हणणाऱ्यांनी पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीचा २००७-२०२७ चा डीपी, म्हणजे विकास आराखडा, आठवावा. २०१३ मध्ये त्याचं प्रारूप (कच्चा मसुदा) आलं तेव्हा ८० हजारांच्या वर हरकती आल्या होत्या. पुढं २०१५ ला राज्य सरकारनं आराखडा स्वतःकडे घेतला आणि मंजुरी आली २०१७ च्या जानेवारीत, म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्याची दहा वर्षं मंजुरीतच गेली, तो विषय वेगळाच आहे.

मालकाची बाजू मला कळत नाही असं नाही. आरक्षण टाकून ठेवायचं, पैसे द्यायचे नाहीत, त्याला बांधूही द्यायचं नाही, ही सरळ अडवणूक आहे. म्हणून तर त्याच एमआरटीपी कायद्यात कलम १२७ आहे, दहा वर्षांत महापालिकेनं जागा घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द. पण मालकानं दिलेली ही नोटीस तरी आजूबाजूच्यांना कुठं कळते? कळली तर लोक निदान मागे लागतील, की बाबांनो पैसे द्या आणि जागा घ्या.

मागणी फार मोठी नाहीये. प्लॉटच्या रस्त्याकडच्या बाजूला बोर्ड, मराठीत, मोठ्या अक्षरात: आत्ता काय आरक्षण आहे, काय करायचंय, हरकत कुठं आणि कधीपर्यंत द्यायची. सोबत छोटा नकाशा. बांधकाम सुरू झालं की महारेराचा (बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा) क्यूआर कोडवाला बोर्ड बरोबर दिसतो, पण तोपर्यंत सगळं ठरलेलं असतं. 'पद्धत तुम्ही ठरवा' असं कायद्यानंच महापालिकेला म्हटलंय ना, मग कायदा बदलायचीही गरज नाही, बोर्ड लावायचं ठरवलं की झालं.

तोपर्यंत आपण आपल्या सोसायटीच्या शंभर-दोनशे मीटरमधल्या मोकळ्या जागांचे सर्व्हे नंबर आणि डीपीतली आरक्षणं एका कागदावर लिहून नोटीस बोर्डला लावूया. आणि हरकत द्याल तेव्हा फॉरवर्ड आलेला मजकूर जसाच्या तसा देऊ नका, त्या जागेबद्दल तुमचं स्वतःचं काय ते दोन ओळी लिहा, सुनावणीला बोलवा असं स्पष्ट लिहा आणि पोचेवर आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.