मराठीत बोललं की आमदारकी जाते म्हणे!

गेल्या आठवड्यापासून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर भगवा झेंडा, खाली 'प्रत्येक मराठी बांधवापर्यंत पोहोचवा'. मजकूर थोडक्यात असा: कर्नाटक विधानसभेत २२५ वी जागा सीमाभागातल्या मराठी माणसाची होती, ती गुपचूप काढून टाकली, सभागृहात मराठीत बोलणाऱ्याची आमदारकी रद्द होते, बेळगावचं अधिवेशन नुसता देखावा, त्याला सभाध्यक्षही वेगळा नेमतात, म्हणून मतदान करू नका. खानापूरच्या भाच्याचं नाव यंदाच मतदारयादीत आलंय. त्यानं विचारलं, "मामा, मग मत देऊन करायचं काय?" नाहीतर असल्या फॉरवर्डला उत्तर देत बसण्याची मला हौस नाही.

आधी आमदारकीचं. हे लिहिणाऱ्यानं राज्यघटना उघडून तरी बघायची होती. कलम २१० सांगतं की राज्याच्या विधिमंडळाचं कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालतं. आणि ज्या सदस्याला यांपैकी एकाही भाषेत म्हणणं नीट मांडता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलू देऊ शकतात. म्हणजे मातृभाषेची वाट घटनेतच ठेवलेली आहे. आमदारकी कशानं जाते ते कलम १९१ मध्ये आहे: लाभाचं पद, दिवाळखोरी, नागरिकत्व गमावणं वगैरे. शिवाय दहाव्या परिशिष्टातली पक्षांतरबंदी, आणि दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर लोकप्रतिनिधी कायदा. भाषा यात कुठंच नाही. आता, परवानगी द्यायची की नाही हे अध्यक्षांच्या हातात असतं, आणि ज्याला हिंदी येतं त्याला 'हिंदीत बोला' म्हणून खाली बसवता येतं, हे मान्य करावंच लागतं. पण खाली बसवणं वेगळं आणि घरी पाठवणं वेगळं. ही अफवा उद्या एखाद्या नवख्या आमदारानं खरी धरली, तर तो परवानगी मागायलाही उठणार नाही. मराठीचं याहून मोठं नुकसान कोण करणार?

२२५ व्या जागेची गोष्ट तर वरताण आहे. ती जागा होती, आणि गेली, एवढंच खरं. पण ती अँग्लो-इंडियन समाजाच्या नामनियुक्त सदस्याची होती. १०४ व्या घटनादुरुस्तीनं जानेवारी २०२० मध्ये लोकसभेतल्या आणि सगळ्याच राज्यांतल्या अशा जागा संपल्या, महाराष्ट्रातलीसुद्धा. मराठी माणसाचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. निवडून येणारे २२४ तेव्हाही होते, आताही आहेत. त्यांतले १८ एकट्या बेळगाव जिल्ह्यातून जातात.

वेगळा सभाध्यक्ष? २०२३ च्या मे महिन्यात यू. टी. खादर निवडले गेले, ते पूर्ण सभागृहाचे. बेंगळूरचे वेगळे आणि बेळगावचे वेगळे असं काही नसतं. विधान परिषदेचे ७५ सदस्य आणि त्यांचे सभापती, तेही तेच.

देखावा म्हणाल तर त्यात थोडं तथ्य आहे. २००६ पासून इथं अधिवेशन आणलं, २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभं केलं, ते काही आपल्या सोयीसाठी नव्हे. सीमाभागावर हक्क दाखवायला. आणि त्याच वेळी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या महामेळाव्याला परवानगी नाकारतात, कार्यकर्त्यांना ताब्यात घेतात. पण सभागृह खरंच असतं: विधेयकं मंजूर होतात, तारांकित प्रश्नांना मंत्र्यांना उत्तरं द्यावी लागतात. तिथं विचारायला आपलं कोणी नाही, हे दुखणं आहे. २०१३ ला समितीचे दोन आमदार होते, २०१८ ला एकही नाही, २०२३ ला एकही नाही. यातलं किती कर्नाटक सरकारनं केलं आणि किती आपल्या आपसातल्या भांडणांनी, हे मेसेजवाल्यानं सोयीस्कर गाळलंय.

उरलं ते 'मताला किंमत नाही'. २०२३ ला बेळगाव दक्षिणमध्ये समितीचा उमेदवार दुसरा आला, सुमारे १२ हजार मतांनी मागं. भाच्याला हाच आकडा पाठवलाय, आणि सोबत कलम २१० चा फोटो. ग्रुपवर ज्यांनी तो मेसेज टाकला त्यांनाही पाठवलाय. दोन निळ्या टिका दिसतात, उत्तर अजून नाही.