बिस्किटाच्या डब्यातल्या चार गोळ्या

आमच्या मानेवाड्याच्या घरी फ्रिजच्या डोक्यावर एक जुना पत्र्याचा बिस्किटाचा डबा असायचा. त्यात बिस्किटं कधीच नव्हती. कापलेल्या स्ट्रिपा, कोरोनातली उरलेली अझिथ्रोमायसिन, आईच्या गुडघ्याचं मलम, भाच्याच्या सिरपसोबत आलेलं मोजायचं झाकण. घरात कुणाला काही झालं की पहिले तो डबा खाली यायचा. असा डबा नसलेलं घर नागपुरात मी तरी पाहिलं नाही.

मागच्या सप्टेंबरात त्याच डब्यातल्या चार गोळ्यांनंतर बाबा नऊ दिवस दवाखान्यात होते. तेव्हापासून लिहायचं मनात आहे. आज लिहिते.

बाबा ७१ वर्षांचे. लघवीला जळजळ होत होती, अंगात कसर होती. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मुलीला अशा गोष्टी सांगायचा संकोच त्यांच्या पिढीला असतोच. आईच्या टायफॉइडच्या वेळची सेफिक्सिम, म्हणजे एक अँटिबायोटिक, डब्यात पडली होती, चार गोळ्या. सकाळ-संध्याकाळ एक अशा दोन दिवसांत त्यांनी त्या संपवल्या. ताप उतरला, जळजळ कमी झाली. गोळ्या संपल्या तसा उपचारही संपला.

तिसऱ्या रात्री थंडी वाजून १०३ ताप. मी पोचले तेव्हा ते मला आत्याच्या नावाने हाक मारत होते. "शाळेतून आली का तू?" असं विचारत होते. तेवढं एक वाक्य अजूनही रात्री आठवतं.

धंतोलीत एका दवाखान्यात भरती केलं. डॉक्टरांनी दारातच विचारलं, "यांनी आधी काही अँटिबायोटिक घेतलं का?" मी छातीठोकपणे नाही म्हटलं. मला ठाऊकच नव्हतं. रक्त आणि लघवी कल्चरला गेली. कल्चर म्हणजे नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून तो कोणता आहे आणि कोणत्या औषधाने मरतो, हे बघायचं. त्याला दोन-तीन दिवस लागतात. रिपोर्ट आला, दोन्हींत काहीच वाढलं नाही. आणि इकडे ताप हटत नव्हता, रक्तातलं क्रिएटिनिन चढत होतं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावत होतं. डॉक्टर बुचकळ्यात.

त्या दुपारी जेवणाचा डबा उघडून पोळी वाढता वाढता आई बोलली, "यांनी माझ्या त्या टायफॉइडच्या गोळ्या घेतल्या होत्या ना दोन दिवस. बरं वाटून राहिलं म्हणाले, म्हणून मी काही बोलले नाही."

मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आता कळलं. त्या गोळ्यांनी लघवीतले जंतू नमुन्यात वाढणार नाहीत इतपत दाबले. पण आत मूत्रपिंडापर्यंत गेलेलं इन्फेक्शन मोडायला तेवढं पुरेसं नव्हतं." म्हणजे आजार होता, त्याचा पत्ता मात्र पुसला गेला होता. पुढचे सगळे दिवस शिरेतून इंजेक्शनं गेली ती अंदाजाने, आणि अंदाज चुकू नये म्हणून जास्त जोरकस औषध निवडून. बाबा वाचले. मूत्रपिंड हळूहळू पूर्वपदावर आलं. पण एका रिपोर्टने ज्याचं उत्तर दिलं असतं, ते शोधण्यात आमचे तीन दिवस गेले, आणि ७१ वर्षांच्या माणसाचे तीन दिवस फार मोठे असतात.

भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला एकच विचारलं, "गोळ्या एक्स्पायर झाल्या होत्या काय?" नव्हत्या. अजून दोन महिने बाकी होते. आपलं सगळं लक्ष त्या तारखेवर असतं. तारीख शिल्लक आहे म्हणजे गोळी चालेल, एवढाच हिशोब. पण जी गोळी आईच्या टायफॉइडसाठी लिहिली होती ती बाबांच्या लघवीच्या त्रासाला लागू पडते का, किती दिवस घ्यायची, बाबांच्या मूत्रपिंडाला झेपेल का, हे त्या तारखेत कुठे लिहिलंय? आणि उरलेल्या गोळ्या उरलेल्याच असतात. चार, तीन, पाच. त्यांतून कुणाचाही पूर्ण डोस होत नाही.

तारखेबद्दलही सांगते, कारण आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं होतं की अमेरिकन लष्कराने तपासलं तेव्हा बरीच औषधं मुदतीनंतर वर्षानुवर्षं चांगली निघाली. ते खोटं नाही. तिथे १९८६ पासून असा कार्यक्रम चालू आहे. पण ती औषधं मूळ सीलबंद पॅकमध्ये, ठरलेल्या तापमानाच्या गोदामात ठेवलेली असतात. आपला डबा फ्रिजच्या गरम डोक्यावर, मे महिन्यात, जेव्हा बाहेर पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी लाइट गेली की स्वयंपाकघर भट्टी होतं. स्ट्रिपवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं छापलेलं असतं. ते आपल्याकडे उन्हाळ्यात कुठल्या घरात जमतं? त्यात मेडिकलवाल्याने चार गोळ्या कापून दिल्या असतील तर तारखेचा तुकडा बरेचदा दुकानातच राहतो. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडच्या जोडगोळीला तर ओल अजिबात सोसत नाही, म्हणून ती जाड अॅल्युमिनियमच्या पाकिटात येते. त्याच औषधाचं लहान मुलांचं सिरप पाणी घालून तयार केलं की फ्रिजमध्ये ठेवूनही सात दिवसांत संपवायचं किंवा टाकायचं असतं. माझ्या वहिनीने ते दीड महिन्याने पुन्हा द्यायला काढलं होतं. बाटली मीच तिच्या हातातून घेतली. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या मुदत उलटलेल्या गोळ्यांनी मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी १९६३ च्या आहेत. त्या काळच्या गोळीची घडण वेगळी होती, पण जुनी झालेली गोळी फक्त कमजोर होते, बाकी काही करत नाही, असं गृहीत धरू नये एवढं त्यातून मला कळलं.

आता आपल्या विदर्भाचं. पावसाळ्यात इथे ताप म्हणजे डेंग्यू असू शकतो, चिकनगुनिया असू शकतो. दोन्ही विषाणूंचे, अँटिबायोटिक त्यांना काहीच करत नाही. आणि स्क्रब टायफसही असू शकतो. २०१८ च्या पावसाळ्यात त्याने नागपूर भागात माणसं गेली, विसरलो का आपण? गवता-झुडपात असणाऱ्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो, कधी चाव्याच्या जागी काळी खपली दिसते. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेवर मिळालं तर माणूस लवकर सावरतो. पण सेफिक्सिम त्यावर चालत नाही, अमॉक्सिसिलिनही नाही. डब्यातली सेफिक्सिम घेऊन "चार दिवस बघू" म्हणणारा माणूस तेच चार दिवस हरवतो ज्यांत तो वाचणार असतो. खोकल्याचंही तसंच. लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातल्या गोळ्यांनी टीबीचा खोकला काही दिवस दबतो, बरं वाटतं आणि निदान लांबतं. तोवर घरातली लेकरं त्याच खोलीत झोपत असतात.

जंतू औषधाला निर्ढावतात हे आपण ऐकून ऐकून कंटाळलो आहोत, म्हणून थोडक्यात. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ मध्ये, नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात, कमी डोस घेणाऱ्या माणसाच्या अंगात जंतू औषधाला तोंड द्यायला शिकतील असं बजावलं होतं. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा जंतूंमुळे गेली, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात आहे.

आपल्याकडे कायदा आहे. मार्च २०१४ पासून सेफिक्सिमसारखी औषधं शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत. ती विकली की दुकानदाराने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. एवढ्या बंदोबस्तातलं औषध आमच्याकडे भाच्याच्या झाकणाशेजारी पडलं होतं.

लोक डबा का उघडतात, हे मला कळतं. खाजगी डॉक्टरची फी, वर तपासण्या. मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयांत, जायचं तर सकाळपासून रांग, रोजीवाल्याचा दिवस बुडतो. शिवाय पैसे देऊन आणलेली वस्तू टाकायची नाही, हे आपल्या आयांनी आपल्या अंगी बाणवलंय. माझ्या आईने त्या चार गोळ्या जपल्या त्या काटकसरीने, आणि त्याबद्दल मी तिला एक शब्द बोलले नाही. त्या गोळ्या उरल्या ते तरी तिच्या चुकीने कुठे? मध्येच डॉक्टरांनी औषध बदललं होतं. तरी सांगते, महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, 'आपला दवाखाना' आहे, नेहमीच्या डॉक्टरला फोन करता येतो. तेही जमलं नाही आणि घरात कुणी गोळी घेऊन बसलंच असेल, तर दवाखान्यात पहिलं वाक्य तेच सांगा. नाव आठवत नसेल तर रिकामी स्ट्रिप न्या. मी "नाही" म्हटलं नसतं तर कदाचित बाबांचे दोन दिवस वाचले असते.

आमच्या डब्यात आता थर्मामीटर, ओआरएस, पॅरासिटॅमॉल आणि एक छोटी वही आहे. कुणी कधी कोणतं अँटिबायोटिक घेतलं आणि कशाची अॅलर्जी आली, ते त्यात लिहितो. पहिलं पान बाबांनी स्वतःच्या अक्षरात भरलंय.

राहिल्या त्या जुन्या स्ट्रिपा. संडासात टाकल्या तर सांडपाण्यातून नाग नदीत, कचऱ्यात टाकल्या तर भांडेवाडीच्या कचरा डेपोत, तिथे कुणाच्या हाती लागतील सांगता येत नाही. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे मुदत संपलेली औषधं नेहमीच्या कचऱ्यात न टाकता वेगळी द्यायची. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडपासून घरची नको असलेली औषधं गोळा करायला सुरुवात केली. आमच्या गल्लीत येणाऱ्या कचरागाडीवाल्या दादांना मी विचारलं, ते म्हणाले, "ताई, आमच्याकडे याचा वेगळा डबा नाही." म्हणून सतरा स्ट्रिपा चिकटपट्टी लावलेल्या बरणीत माझ्या कपाटात आहेत. तुमच्यापैकी कुणाचं मेडिकल स्टोअर असेल, कुणी महापालिकेत असेल आणि नागपुरात त्या कुठे घेतात हे ठाऊक असेल, तर खाली लिहा. मी स्वतः नेऊन देईन, शेजारच्या दोन घरांच्याही घेऊन येईन.