क्लोरीन आहे, मग शेरीनाल्याची भीती कशाला?

सांगलीत उन्हाळा लागला की मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. शहरातील शेरीनाला या नाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळले तरी घाबरू नये; वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, उरलेले जंतू क्लोरीन मारते आणि कॉलिफॉर्मची (विष्ठेच्या दूषिततेची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंची) तपासणी निर्दोष आली की पाणी पिण्यास निर्धोक, असा त्याचा आशय असतो.

वाहत्या पाण्याबद्दल फार बोलायला नको. ऐन उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे कृष्णा वाहते थोडी आणि साचते जास्त. शिवाय नाल्याचे पाणी नदीत पडताच पात्रभर पसरत नाही, बरेच अंतर ते काठ धरूनच जाते. त्यामुळे मधल्या धारेत भरलेली बाटली काठाची अवस्था सांगत नाही.

क्लोरीनचा दावा मात्र अर्धा खरा आहे आणि म्हणूनच अधिक घातक आहे. कॉलरा, टायफॉइड यांचे जिवाणू क्लोरीनपुढे टिकत नाहीत, हे मान्य. पण विष्ठेतून पाण्यात येणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड कवचात बंद असतो, आणि लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन सतत राखले तरी त्यातले ९९.९ टक्के निकामी व्हायला १० दिवसांहून अधिक लागतात. नळाचे पाणी इतके थांबत नाही. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ साली क्लोरीन दिलेल्या, गाळलेल्या पाण्यातूनच याच परजीवीने सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा तेव्हा वाढलेला होता. या परजीवीला अडवायचे ते मुख्यतः गाळणीनेच.

कॉलिफॉर्म चाचणीची मर्यादाही यातूनच कळते: कॉलिफॉर्म क्लोरीनने मरतात, म्हणून ते नसण्यावरून न मरणाऱ्याबद्दल काहीच ठरत नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकात क्रिप्टोस्पोरिडियम आणि जिआर्डिया (असाच दुसरा परजीवी) १० लिटर पाण्यात नसावेत, असे म्हटले आहे, १०० मिलिलिटरच्या बाटलीने हे तपासता येत नाही. परजीवींची ही चाचणी खर्चिक असल्याने ती रोज करा, असा हट्ट कोणी धरणार नाही. गाळणी नीट चालते की नाही हे सांगणारा गढूळपणा मात्र प्रत्येक गाळणीवर अखंड मोजता येतो. नाल्याच्या मुखाशी नमुना घ्यायचा तर तो सकाळी, घरोघरची न्हाणीघरे चालू असताना घ्यावा, दुपारच्या सोयीने नव्हे. आणि वळवाच्या पहिल्या जोरदार सरीनंतर तर घ्यावाच, कारण तळाच्या गाळात महिनोन्‌महिने बसलेली जंतांची अंडी त्या दिवशी नदीकडे निघतात.