दलदलीतला आसरा: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कथा-कादंबऱ्यांत पळालेल्या गुलामांना दलदल कसा आसरा देते, यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘साप, डास, कंबरभर चिखल. तिथे माणूस राहील कसा? दलदल ही लेखकांची सोय आहे, तुम्ही उगाच तिचं माहेर केलंत.’

माहेर हा शब्द लागला, कारण तो थोडा खरा आहे. हॅरिएट बीचर स्टोव यांच्या १८५६ सालच्या कादंबरीतला पळालेला गुलाम ड्रेड दलदलीत प्रेषितासारखा बोलतो, आणि मीही त्याच सुरात वाहवत गेलो.

पण ‘माणूस राहील कसा’ हे मला मान्य नाही. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवर ग्रेट डिस्मल स्वॉम्प नावाची मोठी दलदल आहे. तिथे पळून आलेले गुलाम पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आतल्या कोरड्या उंचवट्यांवर उत्खननात त्यांच्या वस्तीच्या खुणा सापडल्या आहेत. छपरांसाठी लाकडी फळ्या पाडणाऱ्यांची कामं चोरून करून काहीजण धान्य-कपडे मिळवत.

तुम्ही ज्या सापांना पुरावा मानता, त्यांच्याबद्दल गुलामीतून पळालेल्या हॅरिएट जेकब्स काय सांगतात ते बघा. १८६१ साली छापलेल्या आत्मकथनात त्या सापांनी भरलेल्या दलदलीत लपतात. सापांची त्यांना मुळातच दहशत. तरी त्या म्हणतात की सुसंस्कृत म्हणवणाऱ्या त्या गावातल्या गोऱ्या माणसांपेक्षा हे साप कमी भयंकर वाटले. घाबरलेल्या बाईने केलेली ही तुलना आहे, सोय नव्हे. पळवून नेऊन गुलाम केलेले सॉलोमन नॉर्थप लुइझियानात पळाले तेव्हा कुत्रे मागावर होते. पाण्यात माग तुटला म्हणून ते वाचले, आणि पोहता येत होतं म्हणून पाण्यात उतरू शकले. गुलामांना तिथे पोहायला शिकू देत नसत! पाठलाग करणाऱ्याला जे पाणी अडवतं, तेच पळणाऱ्याला झाकतं. आसरा आणि पाठलाग वेगळे काढायचे कसे?

आसरा म्हणजे सुख, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. फ्रेडरिक डग्लस यांच्या १८५३ सालच्या ‘द हिरोइक स्लेव्ह’ या कथेत पळालेला गुलाम मॅडिसन वॉशिंग्टन याला बायकोपासून लांब जाववत नाही, म्हणून तो पाच वर्षं दलदलीत काढतो. मग वणवा पेटतो आणि त्याला तिला मागे ठेवून निघावं लागतं.

ड्रेडवरचा परिच्छेद आज रात्री बदलतो आहे. जेकब्स मात्र जिथे आहेत तिथेच राहतील.