झेला, रिंग आणि टर्फ

आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर गेले तीन आठवडे भांडण जुंपलंय. शाळेमागचं बास्केटबॉल कोर्ट उखडून तिथे टर्फ करायचं घाटतंय. हिरवं प्लॅस्टिकचं गवत, चहूबाजूंनी जाळी, रात्री दिवे आणि तासावर भाडं. मुंबई-पुण्याचे चाकरमानी हळवे झालेत. गावात राहिलेले विचारतात, "गणपतीत पाच दिवस येता, त्यात कोर्टावर कोण फिरकलं?" मी ओटावात राहतो, म्हणजे चाकरमान्यांतला सगळ्यात लांबचा. माझं मत कोणी मागितलेलं नाही.

मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधलं आमचं गाव. १९८६ साली मी आठवीत होतो, तेव्हा कोर्ट म्हणजे चोपून काढलेली लाल माती. संध्याकाळपर्यंत चेंडू, हात, बनियन सगळं एका रंगाचं व्हायचं. बोर्ड फणसाच्या फळ्यांचा, कारण प्लायवूड एका पावसात फुगायचं. रिंगची विकतची जाळी खाऱ्या वाऱ्यात टिकायची नाही, म्हणून रापणीवर जाणारे एक काका जुन्या नायलॉनच्या जाळ्यातून विणून द्यायचे. त्यांचा हात मासे धरायला बसलेला, त्यामुळे चेंडू आत गेला की बाहेर यायलाच तयार नसे. मग शेजारच्या घरातून आंबे काढायचा झेला आणायचा आणि खालून ढोसायचं. झेला म्हणजे तरी काय, काठीला रिंग आणि रिंगला जाळी!

सर मुंबईत शिकताना नागपाड्याचा खेळ बघून आलेले. भारताचा एकेकाळचा कर्णधार अब्बास मुन्तसिर, हे नाव ते देवाचं घ्यावं तसं घ्यायचे. १९८० साली मॉस्को ऑलिंपिकला भारताचा संघ गेला होता, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की आपण दर वेळी जातो असंच आम्हाला वाटायचं. त्याआधी कधी गेलो नव्हतो आणि त्यानंतरही आजवर नाही. तीन गुणांची रेघ आंतरराष्ट्रीय नियमांत १९८४ साली आली, आमच्या मातीवर पोचायला तिला आणखी काही वर्षं लागली. रिंगखालचा पट्टा मात्र चुन्याने नीट आखलेला असे, रिंगकडे रुंद होत जाणारा समलंब चौकोन. पुढे केबलवर जॉर्डन दिसायला लागला तेव्हा आम्ही त्याच्या उड्यांइतकेच त्या पट्ट्याकडे बघत होतो. अमेरिकेत तो सरळ आयत! सरांनी चुकीचं आखलंय अशी माझी वर्षभर खात्री होती. (सर बरोबर होते. बाकीच्या जगातला समलंब थेट २०१० साली गेला.)

या सगळ्या गोडव्यात ग्रुपवर एक गोष्ट कोणी काढत नाही. मिरगाचा पाऊस लागला की आमचं कोर्ट दसऱ्यापर्यंत बंद. मातीचा चिखल, आणि नंतर कोबा केला तर त्यावर शेवाळ. शालेय स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत. फोंडा घाटातून एसटीने कोल्हापूरला जायचो ते महिना-दोन महिने चेंडूला हात न लावता, आणि पहिल्याच सामन्यात हरून रात्रीच्या गाडीने परत. कोल्हापूरची पोरं उंच म्हणून आपण हरलो, असं आम्ही स्वतःला समजावत आलो. अर्धं खरं होतं.

ओटावापासून तासाभराच्या आत आलमोंट नावाचं छोटं गाव आहे. हा खेळ शोधणाऱ्या जेम्स नाइस्मिथचं ते गाव. तिथे त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, शेजारी टोपली घेऊन बसलेला. डिसेंबर १८९१मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्डला बर्फामुळे आत कोंडलेल्या विद्यार्थ्यांसाठी त्याने पीचच्या फळांच्या दोन टोपल्या टांगल्या. तो पुतळा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला झेला आठवला आणि रागही आला. बाहेर जाता येत नाही म्हणून जन्माला आलेला खेळ, आणि तो आम्ही वर्षाचे चार महिने पावसात भिजत टाकला.

इथे सगळं फुकट असतं, या भ्रमात कोणी राहू नये. हिवाळ्यात आम्ही काही मध्यमवयीन मंडळी शाळेचं जिम तासावर भाड्याने घेतो, पैसे भरताना कुरकुरतो. पण बर्फ वितळला की घराजवळच्या बागेतली रिंग कोणाचीही असते. काल तिथे दहा-अकरा वर्षांची एक मुलगी एकटीच तासभर फ्री-थ्रो टाकत होती. टर्फवर एकट्याने काय करणार? आधी दहाजण जमवायचे, मग वर्गणी काढायची. आमच्या वेळी मुलींचा संघ सकाळी सहाला यायचा, आमच्या आधी. रात्री नऊच्या स्लॉटला गावातली कुठली आई मुलीला पाठवणार आहे?

गावातल्यांचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. फाटकाला कुलूप आहे, किल्ली कोणाकडे आहे ते सापडत नाही, एक रिंग गंजून मान टाकून लोंबतेय. असल्या कोर्टाचं स्मारक करून काय मिळणार? जमणारी पोरं आज क्रिकेटच मागतात, हेही खरं. चाकरमान्यांना तिथे स्वतःचं बालपण हवंय, आणि त्यासाठी पोरांची जागा अडवून ठेवणं मला पटत नाही.

मला छप्पर हवंय. अठ्ठावीस बाय पंधरा मीटरचं कोर्ट, सात मीटर उंचीवर पत्रे, बाजू उघड्या आणि फाटक बिनकुलपाचं. खाली क्रिकेटवाल्यांनीही खुशाल खेळावं, रिंगा तेवढ्या जागेवर राहू द्याव्यात. शेडची कामं घेणारा आमच्याच बॅचचा एकजण कुडाळला आहे. त्याला विचारलं, वाऱ्याला टिकेल असा सांगाडा केवढ्याला पडेल, आणि माझा वाटा किती तेही लिहिलं. त्याने लांबलचक काहीतरी टाइप केलं, पुसलं, आणि एवढंच पाठवलं:

"गणपतीक येतलस मा? तेवा बगूया."

तिकीट अजून काढलेलं नाही.